‘एमडी’ म्हणजे नेमकं काय, आणि रात्री अंग तापलं तर काय करायचं?

पत्र

मी ५९ वर्षांचा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ३१ वर्षं काढली, शेवटी शिफ्ट इनचार्ज होतो. राहायला कोपरखैरणेला. धाकटा मुलगा २१ वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेले पाच-सहा महिने शनिवारी रात्री बाहेर, रविवारी पहाटे घरी आणि सोमवार-मंगळवार नुसता झोपून, असं चाललंय. त्याच्या शेव्हिंगच्या पाउचमध्ये नखाएवढ्या झिपवाल्या दोन रिकाम्या पिशव्या आणि गुंडाळलेली दहाची नोट सापडली. विचारलं तर सरळ म्हणाला, “एमडी आहे बाबा. महिन्यातून दोन-तीनदा घेतो. परदेशात डॉक्टर हेच सैनिकांना औषध म्हणून देतात. याचं व्यसन लागत नाही.” मेडिकलमधून किट आणून लघवी तपासली, निगेटिव्ह आली.

मागच्या रविवारी पहाटे तीनला तो आला तेव्हा बनियन पिळून काढावं इतका घाम होता. अंग तव्यासारखं तापलेलं, दात करकर वाजत होते. आम्ही क्रोसिन दिली आणि चादर पांघरून झोपवलं. वर्षभरापूर्वी परीक्षेच्या ताणासाठी सुरू केलेली एस्सिटालोप्रामची गोळी अजून चालू आहे. मेहुण्याचं म्हणणं, घाटापलीकडे एक केंद्र आहे, ते रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेतात आणि सहा महिने ठेवतात. हॉस्पिटलात नेलं तर पोलीस केस होईल ही धास्ती आहे. मला केमिस्ट्री कळते, तेव्हा गोल गोल न बोलता सांगा: हे रसायन शरीरात करतं काय, आणि आम्ही करायचं काय?

— एक वडील, कोपरखैरणे

उत्तर

आधी मागच्या रविवारच्या पहाटेबद्दल बोलू, कारण येत्या शनिवारच्या आत हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

क्रोसिन आणि चादर, दोन्ही चुकलं. दोष तुमचा नाही, अंग तापलं की घरोघरी हेच करतात. पण तो ताप नव्हता. तापात मेंदूतला थर्मोस्टॅटच वरच्या आकड्यावर सेट होतो आणि पॅरासिटामॉल तो सेट पॉइंट खाली आणतं. इथे सेट पॉइंट जागेवरच असतो. आत उष्णता तयार होण्याचा वेग बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो, एवढंच. रिअॅक्टरमध्ये एक्झोथर्मिक, म्हणजे उष्णता सोडणारी रिअॅक्शन चालू आहे आणि भोवतीच्या जॅकेटचं गार पाणी कुणी बंद केलंय, असं समजा. तिथे पॅरासिटामॉल काहीही करू शकत नाही, वर तापलेल्या लिव्हरवर आणखी एक काम येतं. आणि चादर म्हणजे त्या रिअॅक्टरला इन्सुलेशन गुंडाळणं.

जॅकेट बंद होतं कारण हे रसायन कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतं. एरवी अंग तापलं की रक्त कातडीकडे धावतं आणि उष्णता बाहेर सोडतं. इथे धड तापलेलं असतं आणि बोटांची टोकं, गुडघे मात्र गार, कधी निळसर. पुढच्या वेळी त्याची नखं बघा. त्यात जबडा घट्ट आवळलेला, पाय थांबत नाहीत, मघापर्यंत तास-दोन तास नाचून आलेला. स्नायूंचं हे सगळं काम उष्णतेतच बदलतं. उरतो घाम. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. कूलिंग टॉवरचं पाणी वेट बल्बच्या खाली उतरत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये कोपरखैरणेच्या बंद खोलीत त्याच्या अंगाचं तेच होतं. पिळून काढावं इतकं ओलं बनियन याचा अर्थ कूलिंग चालू होतं असा नाही, कूलिंग पुरत नव्हतं असा आहे.

म्हणून पुन्हा असं झालं तर काखेत डिजिटल थर्मामीटर लावा. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमीच दाखवतो, तेवढं धरून चला. १०२ फॅरनहाइट किंवा त्यावर असेल तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. आतलं तापमान १०४ च्या पुढे गेलं की स्नायू विरघळायला लागतात, त्यातलं मायोग्लोबिन किडनीत अडकतं, लघवी काळ्या चहासारखी होते आणि रक्त गोठण्याची यंत्रणाही बिघडते. या अमली पदार्थांनी तरुण पोरं जातात त्यातला एक मोठा रस्ता हा आहे. आकडा कमी असला तरी छातीत दुखणं, फिट, असंबद्ध बोलणं, हाक मारल्यावर ओ न देणं किंवा कमालीची भीती, यातलं एक जरी दिसलं तरी तितक्याच घाईने निघा.

गाडी येईपर्यंत कपडे काढा, अंडरवेअर राहू द्या. एसी असेल तर पूर्ण गार करा. अंगावर साधं पाणी ओतत राहा आणि पेडेस्टल फॅन थेट अंगावर सोडा. फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून मानेला, दोन्ही काखांत आणि जांघेत ठेवा, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळून जातात. एसी नसेल तर आपल्याकडे पंख्यापेक्षा बर्फावर जास्त भिस्त ठेवा. पूर्ण शुद्धीवर असेल तर ओआरएसचे घोट द्या, पण तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका. या वर्गातली काही रसायनं, विशेषतः एमडीएमए (एक्स्टसी), शरीराला पाणी धरून ठेवायला लावतात. वरून भरमसाट पाणी गेलं की रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते आणि फिट येते. ‘भरपूर पाणी प्यायचं’ हा मुलांमधला सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे.

त्याला दाबून धरू नका. दोघा-तिघांनी पकडलं की तो जीव खाऊन झटेल आणि ती सगळी धडपड पुन्हा उष्णताच. दिवा मंद करा, एकानेच हळू आवाजात बोला, शक्यतो ज्याच्याशी त्याचं पटतं त्याने. फिट आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल नाकाशी धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा आणि घड्याळ बघा. बेशुद्ध झाला आणि श्वास चालू असेल तरी कुशीवरच ठेवा, उलटी झाली तर ती घशात जाणार नाही. घरातली कुठलीही गोळी देऊ नका. झोपेची गोळी पोटात दारू असताना श्वास मंद करते. शेजारच्या कुणाची छातीच्या धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉल आणून दिली तर आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळून बीपी चढू शकतं. कॅज्युअल्टीत डॉक्टर बहुधा लोराझेपाम किंवा मिडॅझोलामचं इंजेक्शन देतात, तेही घशात नळी घालायची तयारी ठेवून. ते काम तिथलंच.

आता नावाकडे येऊ, कारण तुमच्या मुलाचा सगळा युक्तिवाद त्या दोन अक्षरांवर उभा आहे.

परदेशात ज्यावर औषध म्हणून प्रयोग झाले ते एमडीएमए. इथे ठाण्यात, नवी मुंबईत, मुंबईत पुडीतून ‘एमडी’ म्हणून जे विकलं जातं ते मेफेड्रोन, म्हणजे ‘म्याव म्याव’. नावं सारखी वाटतात, रसायनं वेगळी आहेत.

सांगाडा मात्र एकच. बेंझीनचं कडं, त्याला दोन कार्बनची शेपटी, शेपटीच्या टोकाला अमाइन (नायट्रोजनचा गट) आणि अमाइनलगतच्या कार्बनवर एक मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन). हे झालं अॅम्फेटामाइन, १८८७ मध्ये पहिल्यांदा तयार झालेलं. त्याच्या अमाइनवर आणखी एक मिथाइल आला की मेथअॅम्फेटामाइन. त्यात बेंझीनच्या कड्याला दोन ऑक्सिजन आणि एक कार्बन यांचं दुसरं छोटं कडं जोडलं की एमडीएमए. मेफेड्रोनमध्ये ते छोटं कडं नाही. कड्यावर समोरच्या टोकाला साधा मिथाइल आहे आणि शेपटीच्या पहिल्या कार्बनवर डबल बॉण्डने ऑक्सिजन बसलाय. म्हणजे किटोन. म्हणूनच नावाच्या शेवटी ‘ओन’. आफ्रिकेत आणि येमेनमध्ये लोक ज्या खातच्या झाडाची पानं चघळतात, त्यातलं कॅथिनोन याच घरातलं.

एका किटोनने काय बिघडतं? रेणू जास्त पोलर होतो. मेंदूभोवतीची चरबीची भिंत तो अॅम्फेटामाइनइतक्या सहज ओलांडत नाही, म्हणून घेणारा जास्त घेतो. आणि शरीर तो लवकर निकामी करतं. एमडीएमएचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण आठ तास लागतात, मेफेड्रोनचं सुमारे दोन तासांत होतं. मेथअॅम्फेटामाइनचं दहा-बारा तासांत. तुमच्या घरात जे चाललंय त्याचं मूळ या दोन तासांत आहे.

मेंदूत नेमकं काय होतं ते पाहा. नर्व्ह सेल डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन छोट्या पिशव्यांत साठवून ठेवतो. संदेश द्यायचा तेव्हा थोडं बाहेर सोडतो आणि काम झालं की एक पंप ते परत आत ओढतो. हा पंप म्हणजे ट्रान्सपोर्टर. मेफेड्रोन दिसायला या रसायनांसारखंच, त्यामुळे पंप त्यालाही आत ओढून घेतो. आत गेल्यावर ते साठ्याच्या पिशव्या गळायला लावतं आणि पंपाची दिशाच उलटवतं. जी सक्शन लाइन होती तिची डिलिव्हरी लाइन होते, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाहीच, आणि टाकीतला माल बाहेर वाहतो. डोपामिनमुळे उत्साह आणि हाव, सेरोटोनिनमुळे सगळे आपले वाटणं, नॉरअॅड्रिनलिनमुळे हृदयाचे ठोके, बीपी आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या. एमडीएमएचा भर सेरोटोनिनवर जास्त असतो. मेफेड्रोन डोपामिनही तितक्याच जोरात उसळवतं आणि लगेच खाली आणतं. झपाट्याने चढणारं, झपाट्याने उतरणारं डोपामिन ही व्यसन लागण्याची सगळ्यात पक्की वाट आहे. ‘याचं व्यसन लागत नाही’ हे त्यामुळे चूक. सोडल्यावर हेरॉइनसारखे हातपाय दुखत नाहीत, उलट्या होत नाहीत, म्हणून मुलांना ते व्यसन वाटत नाही.

नाकाने ओढलं की काही मिनिटांत चढतं आणि तासाभरात मजा ओसरते. पण रसायन अजून रक्तात आहे! मनावरचा असर रक्तातल्या प्रमाणापेक्षा लवकर मावळतो. मग पुन्हा घ्यावंसं वाटतं. हिशेब करून बघा. एका वेळचं एक माप, दर तासाला एक, आणि निम्मं व्हायला दोन तास. सहाव्या मापानंतर रक्तात जवळजवळ तीन मापं साठलेली असतात. डोकं म्हणतं, उतरलं. हृदय तिप्पट माल घेऊन पळतंय. तुम्ही पाहिलेली पहाटे तीनची वेळ बहुधा तीच होती, आणि एका पिशवीऐवजी दोन सापडल्या त्याचंही कारण हेच असावं. “मी थोडंच घेतो” असं तो मनापासून म्हणत असेल, कारण प्रत्येक वेळचं माप खरंच थोडं असतं.

सैनिकांची गोष्ट खरी आहे, पण ती एमडीएमएची. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानगी मिळालेले मोजके सायकिअॅट्रिस्ट पीटीएसडीच्या (भीषण आघातानंतरच्या मानसिक आजाराच्या) रुग्णांना ते लिहून देऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारली आणि आणखी चाचणी करायला सांगितली. त्या चाचण्यांत शुद्धता तपासलेली कॅप्सूल होती, आधी हृदयाची तपासणी होती, दिवसभर शेजारी बसलेले दोन थेरपिस्ट होते, आणि अशी सत्रं सगळी मिळून तीन, महिना-महिन्याच्या अंतराने. मेफेड्रोन या कशातच नव्हतं. हे त्याला रागाने नको, कागदावर दोन्ही रेणू काढून सांगा. तो इंजिनीअरिंगचा आहे आणि तुम्ही प्लांटमधले. या एका विषयावर तुमची त्याच्याशी बरोबरीने चर्चा होऊ शकते, आणि घरात सध्या तीच एक उघडी खिडकी दिसते.

अर्थात पुडीत मेफेड्रोनच असेल याचीही खात्री कुणी देऊ शकत नाही. त्याच कुळातलं दुसरं, जास्त वेळ टिकणारं रसायन असेल तर वरचा हिशेब आणखी वाईट होतो. रिकाम्या पिशव्या हुंगून बघू नका, हात लागला असेल तर धुवा, आणि ‘तपासून घेऊ’ म्हणून त्या घेऊन खासगी लॅबच्या चकरा मारू नका. त्यात भुकटी असेल तर कायद्याने तो तुमच्या ताब्यातला माल ठरतो.

किट निगेटिव्ह का आलं हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. पट्टीवरची अँटिबॉडी अॅम्फेटामाइनचा आकार ओळखते. किटोन लागला की आकार बदलतो आणि मेफेड्रोन बहुतेक पट्ट्यांना दिसतच नाही. त्यातून लघवीत ते साधारण दोन-तीन दिवसच सापडतं. बुधवारी केलेल्या तपासणीला शनिवारबद्दल काही विचारण्यात अर्थ नाही. उलट सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनने हीच पट्टी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते. तपासायचंच असेल तर सायकिअॅट्रिस्टच्या चिठ्ठीने, मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, आणि ‘कॅथिनोन’ असं स्पष्ट लिहून. घरचं किट बंद करा. त्याने फक्त मुलाच्या हातात एक खोटा पुरावा दिला.

आम्हाला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती एस्सिटालोप्रामची. ही गोळी सेरोटोनिनचा पंप अडवते. एकीकडे पंप अडवलेला आणि दुसरीकडे सेरोटोनिन बाहेर फेकणारं रसायन, यातून दोन गोष्टी होतात. मुलाला ‘आज काही वाटलंच नाही’ असं होतं आणि तो जास्त घेतो, म्हणजे डोपामिन आणि नॉरअॅड्रिनलिनचा बोजा वाढतो. आणि काहींमध्ये सेरोटोनिन सिंड्रोम होतो: हुडहुडी, घाम, जुलाब, बेचैनी, स्नायू ताठ, आणि पाऊल वर ढकलून धरलं की घोटा आपोआप ठक-ठक-ठक उडत राहतो. तो घोटा दिसला तर थर्मामीटरचीही वाट बघू नका. दुखण्यावरची ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन याच बोजात भर घालतात. ट्रामाडॉलने फिटही येऊ शकते. ही दोन घरात कुठल्या नावाने पडली आहेत ते आजच स्ट्रिप आणि बाटली वाचून बघा.

पण घाबरून एस्सिटालोप्राम एकदम बंद करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात आणि मन आणखी खाली जातं. डोस कसा उतरवायचा की ठेवायचा, हे खरं काय चाललंय ते ऐकून डॉक्टरांनी ठरवायचं. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना यातलं काही माहीत नाही, ही अडचण पहिल्यांदा दूर करा.

पोलिसांबद्दल. हॉस्पिटलात अशा रुग्णाची मेडिको-लीगल नोंद होऊ शकते. ती नोंद आहे, अटक नाही, आणि तिच्या भीतीने गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. डॉक्टरांना खरं सांगा: काय घेतलं, कितीदा, शेवटचं कधी, दारू होती का, एस्सिटालोप्राम चालू आहे. ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ असं सांगितलंत तर ते फूड पॉइझनिंग शोधत बसतील.

कायदा कडक आहे हे खरं. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’, ५० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी प्रमाण’ आणि तिथे किमान १० वर्षं सक्तमजुरी. मित्रासाठी पुडी आणून दिली तरी तो नुसता घेणारा राहत नाही, हे मुलाला नीट समजू द्या. पण त्याच कायद्याचं कलम ६४अ घरातल्यांना क्वचित माहीत असतं. व्यसनी माणूस आपणहून सरकारी, महापालिकेच्या किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत, नाहीतर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणून ओपीडीचा केसपेपर, प्रत्येक तारखेचा शिक्का, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. केस झालीच तर वकील पहिल्यांदा हीच फाइल मागेल.

मेहुण्यांच्या केंद्राला आजच नाही म्हणा. तुमचा मुलगा सज्ञान आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाच्या आजारालाही लागू होतो. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, सायकिअॅट्रिस्ट आणि दुसरे एक व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि पहिल्या भरतीची मर्यादा ३० दिवसांची. रात्री गाडी पाठवून उचलणं यात कुठेही बसत नाही. साखळीने बांधायला तर कायद्याने थेट बंदी आहे. वैद्यकीय बाजू त्याहून महत्त्वाची: मेफेड्रोन बंद झाल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मन तळाला जातं आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. नेमक्या त्या दिवसांत अपहरण झाल्यासारख्या अवस्थेत, डॉक्टर नसलेल्या जागी त्याला ठेवायचं? पुढे कधी भरती करायची वेळ आलीच तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा, सायकिअॅट्रिस्ट कोणत्या दिवशी येतात ते विचारा आणि पहिल्या आठवड्यात फोनवर बोलू देता का ते विचारा. तिन्हींचं सरळ उत्तर नसेल तर निघून या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. चांगलं केंद्र कसं चालतं हे बघायला तिथे एकदा जाऊन आलात तरी डोळ्यांसमोर माप राहील.

सध्या तो महिन्यातून दोन-तीनदा घेतो, कॉलेजला जातो आणि तुमच्याशी खरं बोलला. ओपीडीतूनच सुरुवात करायला हवी. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा तुम्हाला जवळचं वाशीचं महापालिका रुग्णालय, यापैकी एका ठिकाणी मानसोपचार विभागाची वेळ विचारून घ्या. तोवर फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत.

हेरॉइनला मेथाडोन असतं तशी मेफेड्रोनची हमखास गोळी नाही, आणि ‘इंजेक्शनने डिटॉक्स’ असं कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. उपयोगी पडतं ते समुपदेशन: हुक्की कधी, कुठे, कुणाबरोबर येते हे मोजून तो रस्ता बदलणं. आणि ठरलेल्या बक्षिसाची पद्धत. म्हणजे समुपदेशकासमोर ठरवायचं, लॅबची प्रत्येक निगेटिव्ह तपासणी म्हणजे एक छोटी, ठरलेली, लगेच मिळणारी गोष्ट. ऐकायला लाच वाटते, पण उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात ज्या उपायांचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे त्यात ही पद्धत पुढे आहे. शिक्षेने तेवढं होत नाही.

घरात तुमचं काम आठवड्याच्या घड्याळाशी आहे. त्याची ओढ शुक्रवारी संध्याकाळी सुरू होत असणार, भांडण तेव्हा काढू नका. बोलायचं ते बुधवार-गुरुवारी. सोमवार-मंगळवारची झोप आळस नाही, तो नशा उतरल्यानंतरचा थकवा आहे, त्या दोन दिवसांत व्याख्यान दिलंत तर ते फक्त दुखेल. झोपू द्या, अधूनमधून श्वास बघा, उठेल तेव्हा वरण-भात पुढे ठेवा, कारण भूक परत येते ती एकदम येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे रिकामे वाटले, बोलणं तुटलं, तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि किटकनाशक उचलून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

ओपीडीला जाताना एस्सिटालोप्रामची स्ट्रिप आणि जुनी चिठ्ठी बरोबर घ्या. एका कागदावर गेल्या दोन महिन्यांतले शनिवार लिहा: कधी आला, घाम होता का, किती झोपला, कधी जेवला. त्याच्या आजोबांना किंवा काका-मामांना कमी वयात हृदयाचा झटका आला असेल तर तेही लिहा. डॉक्टरांना ईसीजी काढायची विनंती करा. मेफेड्रोन हृदय पळवतं आणि एस्सिटालोप्राम काहींमध्ये ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) वाढवते, म्हणून एकदा दोन्हींचा असर एका कागदावर बघायला हवा. आणि आत जाताना आधी त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही बाहेर बाकावर थांबा.